चुंद हे नाव

मालनबाईनं समोर आलेलं ताट बोटांच्या टोकांनी सरकवलं. ताट फरशीवर करकरलं, वाटी कलंडली आणि वरण ओसरीवर ओघळलं.

"मले नोको," ती म्हणाली. "ज्या हातानं माया बाप गेला, त्या हातचं मी खात नाई."

प्रीती वाकली होती तशीच क्षणभर राहिली. मग तिनं फडक्यानं वरण टिपून घेतलं, ताट उचललं आणि आत गेली. पंगतीतल्या, शेजारच्या गोपालकाकांनी घसा खाकरला, पण शब्द बाहेर आला नाही. प्रीतीचा नवरा हर्षदीप मान खाली घालून भात कालवत राहिला. आणि चुंद, ज्याचं हे घर, ज्याची ती सून आणि ज्याचा बाप चार दिवसांपूर्वी गेला होता, तोही गप्पच बसला. बहीण चुकीचं बोलली असं त्याला त्या घडीला वाटलंच नाही. त्याच्याच मनातलं ती मोठ्यानं बोलली होती.

तेलंगणात, गुडीहत्नूरच्या पुढं हायवे सोडून आत आलं की कपाशीच्या रानात हे गाव लागतं. चुंदाच्या बापाचा, नागनाथ दुर्गेचा, सारा जन्म या रानांत दुसऱ्याच्या बांधावर राबण्यात गेला. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पोराला त्यानं शिकवलं. पोरगा सरकारी नोकरीत लागला, घराला स्लॅब पडला, नातसून आली. सारं डोळ्यांनी पाहून झालं, आणि यंदा पोळ्यानंतर म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की यांचं गिळणं बिघडलंय, घास श्वासनळीत जाईल. द्यायची ती घट्टसर पेज, तीही चमच्यानं, टेकवून बसवून. भाकर, पोळी अजिबात नाही.

चुंदानं घरी येऊन ते प्रीतीला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. घरात करणारी बाई तीच. चुंदाची बायको सुवर्णा काही वर्षांमागंच गेली होती. आई चंद्रभागेला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. चुंद सकाळच्या बसनं उटनूरला हापिसात जाई, तो दिवेलागणीला परते. हर्षदीप आदिलाबादला मोबाईलच्या दुकानात. दिवसभर म्हातारा होता तो प्रीतीच्या हाती.

आणि प्रीतीनं त्याला अंबाडीच्या भाजीत कुस्करून ज्वारीची भाकर दिली. संध्याकाळी ताप चढला, छातीत घरघर लागली, आणि दोन दिवसांत दवाखान्यातच म्हातारा गेला. व्हरांड्यात चुंद सुनेला एकच वाक्य बोलला होता, "तुले सांगतलं होतं न मी?" तेव्हापासून प्रीती कोणाशी बोलली नव्हती.

किनवटकडं दिलेली मालन आली ती रडत आली, आणि रडणं ओसरल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली ती ही, की बाबानं शेवटचं काय खाल्लं. उत्तर मिळालं आणि घराचं रूपच पालटलं. आल्यागेल्या बायका प्रीतीनं आणून ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याकडं बघत आणि घरून पिऊन आलो म्हणत. शेजारून डबे यायला लागले. तिनं रांधलेलं मुकाट्यानं गाईपुढं जात होतं.

माणसाला ज्या नावानं हाक मारतात, त्या नावाशी त्याचा जन्मभराचा संसार असतो. कोणाचा सुखाचा, कोणाचा भांडणाचा. चुंदाचा भांडणाचा होता. पंचक्रोशीत या नावाचा दुसरा माणूस नव्हता. शाळेत तेलुगू पोरं त्याला 'चुंचू' म्हणत. मराठी पोरांना त्याचा अर्थ कळला, तेव्हा तीही 'चिचुंद्री, चिचुंद्री' म्हणून मागं लागली. मास्तरांनी हजेरीत दोनदा चंदू लिहिलं. नववीत वसतिगृहातल्या एका मोठ्या पोरानं त्याला विचारलं, "तुले म्हाईत हाये का, चुंद कोन होता? बुद्धाले ज्याच्या घरचं जेवून दुखनं झालं अन मरन आलं, तो चुंद." त्या दिवशी चुंद जेवला नव्हता. सुट्टीत घरी येऊन त्यानं बापापुढं कागद ठेवला. त्याला चंद्रमणी व्हायचं होतं, फक्त बापाचा अंगठा हवा होता.

नागनाथ मवाळ माणूस. पोरावर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी जिता हावो तवरोक हे नाव बदलाचं नाई. मंग तुले काय कराचं ते कर."

"पन काऊन, बाबा? साऱ्या जगातलं हेच काऊन सापडलं तुमाले?"

बापानं आईकडं पाहिलं. आई चुलीपुढून उठून बाहेर गेली.

पुढं विहारात बसता-उठता त्याला चुंदाची गोष्ट पूर्ण कळली. तथागतानं त्याला दोष दिला नव्हता, उलट त्याची बाजू घेतली होती, हेही कळलं. पण तोवर लाज अंगात मुरली होती. चूक नसली म्हणून काय झालं, ज्याच्या नावाबरोबर मरणाची आठवण येते ते नाव आपल्या लेकराला कोण ठेवतं? नोकरीत लागल्यावर त्यानं सही केली ती सी. एन. दुर्गे अशी. उटनूरच्या हापिसात सगळे त्याला तेलुगू रीतीनं, आदरानं 'दुर्गे गारू' म्हणत. सी म्हणजे काय, हे तिथं बहुतेकांना ठाऊक नव्हतं. बापाच्या सरणाला अग्नी देऊन परतताना त्याच्या मनात एकदा येऊनही गेलं, की आता बदलायला हरकत नाही. त्या विचाराची त्याला स्वतःलाच शिसारी आली.

ताट सरकवल्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षदीप त्याच्यापाशी आला. दाराच्या चौकटीला नख घासत म्हणाला, "बाबा, प्रीतीले काई दिवस वांकिडीले धाडाव म्हनतो. तिच्या मायबापाकडं. लोकं बोलून राह्यले."

"लोकं म्हंजे कोन? आत्या?"

"आत्याबी. दुकानातले पोरंबी इचारून राह्यले. आत्या म्हनते, प्रीती घरात असन तं मी पुन्यानुमोदनाले थांबत नाई."

"अन तू काय म्हनतो?"

हर्षदीपनं नजर चौकटीवरच ठेवली. मग म्हणाला, "तुमीच सांगा न तिले. मायाच्यानं होत नाई."

चुंद उठला. धाडलेलं बरं, असंच त्यालाही वाटत होतं. चार दिवस लोटले की माणसं विसरतात. आतल्या खोलीत प्रीती खाली बसली होती. पुढ्यात पिशवी होती आणि दोन साड्या घडी घालून ठेवलेल्या होत्या. सांगायला आलेली गोष्ट तिनं आधीच ओळखली होती.

"हर्ष वांकिडीले पोचवून देईन तुले," चुंद उभ्याउभ्याच म्हणाला. "जराक दिवस राहून ये."

"हो, मामाजी."

तो वळला. एवढ्यात ती म्हणाली, "एक निरोप राह्यला होता. आबाजीचा."

"कोनता निरोप?"

"मी सांगतला नाई. वाटलं, म्हनान, आपल्या बचावासाठी रचून सांगून राह्यली." तिचा आवाज इतक्या दिवसांनी निघत होता, म्हणून खरखरत होता. "चार दिवस भाकर मांगत होते. मी नाई म्हने. पेज पाजली का तोंड फिरवत. त्या दिवशी डाव्या हातानं माया पदर धरला अन रडले. म्हनले, पोरी, मले उपाशी नोको जाऊ देऊ. मी कुस्करून, पानी घालून, बोटानं चाटवल्यावानी दिली. त्याईनं डोळे मिटून खाल्ली. मंग हासले. अन म्हनले... बोलनं समजत नव्हतं नीट. म्हनले, चुंद रागावन. रागावला तं त्याले म्हन, तुया नावाचं मायले इचार."

"माया नावाचं?"

"हो. दोनदा म्हनले. मले वाटलं, तापात बरळून राह्यले. पन ताप तं नंतर आला."

चुंद दोन पावलं माघारी आला. मग पिशवी पायानं बाजूला सरकवून म्हणाला, "आज नोको जाऊ. थांब."

परसात कोवळ्या उन्हात चंद्रभागा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला शेंग दिसत नव्हती, पण बोटं वळणानं चालत होती. नवरा गेल्यापासून ती फारशी रडली नव्हती. बायका त्यावरही बोलत होत्या. चुंद तिच्यापुढं उकिडवा बसला.

"माय, बाबानं मायं नाव काऊन ठेवलं?"

बोटं थांबली. "आता काऊन आठवलं तुले?"

"बाबानंच निरोप ठेवला. प्रीतीपाशी. म्हनले, नावाचं मायले इचार."

चंद्रभागेनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "तिच्यापाशी ठेवला? भाकर खाल्ल्यावर?"

"हो."

"त्याले समजलं होतं बापा," ती म्हणाली. "सारं समजून गेला तुया बाप." आणि इतके दिवस न आलेलं पाणी तिच्या निस्तेज डोळ्यांतून वाहायला लागलं. चुंदानं ते थांबू दिलं.

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिच्या. सासरा मुदतीच्या तापानं पडला होता. तीन आठवडे त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. वैद्यानं सांगितलं होतं, ताप उतरला तरी घन काही द्यायचं नाही, आतडी कच्ची झालेली असतात. त्या दिवशी सासू आणि नवरा मजुरीला गेले होते. सासऱ्याचा ताप उतरला होता. त्यानं हात जोडून भाकर मागितली. "मी सतरा-अठराची पोर. माया बापावानी मानूस हात जोडून राह्यला. मी दिली. चटनीसंग खाल्ली त्यानं, अन मले आसीस देल्ला. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं. गेला."

"मंग?"

"मंग काय? सासूनं छाती पिटून साऱ्या गावाले सांगतलं, सुनेनं घास घालून मारला. पांढऱ्या पायाची म्हनत मले. हिरीवर मी गेली का बाया घागरी बाजूले घेत. घरात मायं रांधलेलं कोनी खात नव्हतं. पोटात तू होता. सासू म्हने, इले माहेरी नेऊन टाक. तुये बाबा काईच बोलत नव्हते. मायच्या पुढं बोलाची त्याईले सवय नव्हती."

चुंदानं खाली पाहिलं. काल ओसरीवर आपण कसे बसलो होतो, ते त्याला दिसलं.

"त्या पावसाळ्यात एक भंते आले होते. शाळेच्या पडवीत राहत. सांजच्याला लोकं जमत. मी जात नव्हती, मले कोन बसू देते? तुये बाबा जात. एक दिस भंतेनं चुंदाची गोष्ट सांगतली. चुंद लोहार. भगवंताले त्यानं घरी बलावलं, जे होतं घरात ते मोठ्या मायेनं वाढलं. ते अन्न बाधलं. भगवंत म्हातारे झाले होते, दुखनं आलं, वाटंनं चालता चालता बसले. अन सोबतच्या आनंदाले म्हनाले, आता लोकं चुंदाले बोलतीन. म्हनतीन, तुयं जेवून गेला. तो मनाले लावून घेईन. तू जाय अन त्याले सांग, का तुया हातचा घास लई पुन्याचा होता. ज्या जेवनानंतर मले ग्यान झालं ते एक, अन हे एक. दोनी बरोबरीचे." चंद्रभागेनं पदरानं नाक पुसलं. "मरताना मानसाले सोताची काळजी राहते. त्याईले वाढनाऱ्याची होती."

"हे मले म्हाईत हाये, माय. विहारात आयकलं."

"आयकलं असन. पुढचं म्हाईत नाई तुले. तुये बाबा त्या दिशी घरी आले अन सासूच्या समोर मले म्हनले, ताट वाढ. मी वाढलं. ते जेवले. सारं जेवले. सासू पाहत राह्यली. मंग आपल्या मायले म्हनले, पोरगं झालं तं त्याचं नाव चुंद. पोरगी झाली तरी चुंदाच म्हनीन. तिले समजलं नाई. दुसऱ्या दिशी हात धरून भंतेपाशी नेलं तिले. आली, अन दोन दिस कोपऱ्यात बसून राह्यली." ती थोडं हसली. "मंग तू झाला. तुले हाक माराची म्हनलं का ते नाव घ्या लागे. आंगनातून, हिरीवरून, वावरातून. ज्या तोंडानं मले बोलत होते, त्याच तोंडानं दिसातून धा वेळा म्हना लागे, चुंदा, चुंदा. सासूलेबी. मंग कोन काय बोलन मले? बोलनं आपोआप बंद झालं. सासू मेली तवा तिनं पानी मागितलं ते मायाच हातचं."

गाईनं दावणीत मान हलवली.

"मले काऊन नाई सांगतलं? मी त्या नावापायी..."

"म्हाईत हाये मले. तू रडत शाळेतून ये, तवा मीच म्हनत होती, बदलू द्या त्याले. तुये बाबा म्हनत, त्याले सांगतलं तं तुयी गोष्ट पुन्हा गावात फिरन. नाव ठेवलं, आता बोलाचं काम नाई." तिनं चाचपडत त्याचा गुडघा धरला. "तुले वाटे, नाव तुयं हाये. ते मायं होतं, बापा. तू फक्त वागवलं."

चुंद परसातून उठला तेव्हा ऊन चढलं होतं. तो कपाशीच्या बांधानं एकटाच लांब गेला. वेचणीच्या बायका रानात होत्या, त्यांनी हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. जन्मभर ज्याला तो ओझं म्हणत आला, ते बापानं एका अडाणी पोरीवर धरलेलं छप्पर होतं. आणि मरतानाही तो अर्ध्या जिभेनं दुसऱ्या पोरीवर तेच धरून गेला होता. निरोप मात्र पोचायला इतके दिवस लागले, कारण तो कोणी ऐकूनच घेतला नव्हता. ऐकायला हवं होतं ते त्यानं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंज्यांवर बसली. नागनाथच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. भंतेंनी त्रिसरण-पंचशील दिलं, परित्राण म्हटलं. मग विहाराचे जुने कार्यकर्ते बापूजी उठले आणि एकेकाला दोन शब्द बोलायला सांगू लागले. कोणी नागनाथच्या कष्टांबद्दल बोललं, कोणी त्याच्या स्वभावाबद्दल. मालनबाई बायकांत पुढं बसली होती. प्रीती मांडवात नव्हती. ती मागच्या परसात होती. स्वयंपाकाला गावातल्या बायका आल्या होत्या, आणि त्यांनी तिला तिथल्या कशालाही हात लावू दिला नव्हता.

"आता दादा बोलतीन," बापूजी म्हणाले.

चुंदाला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. उभा राहिला तेव्हा त्याचे हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना.

"मायं नाव चुंद," तो म्हणाला. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. "हे नाव बाबानं काऊन ठेवलं, ते मले परवा समजलं. माया मायनं इजाजत देल्ली म्हनून सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. सजवून सांगणं त्याला येत नव्हतं. मुदतीचा ताप, भाकर, विहिरीवरच्या घागरी, भंते, ताट. आईकडं न पाहता तो मांडवाच्या खांबाकडं बघून बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "माया बापानं भाकर मांगितली. सुनेनं देल्ली. दवाखान्यात डाक्टरीनबाईनं मले सांगतलं होतं, पेजबी उतरली असती छातीत. सोताची थुकीबी उतरली असती. मी ते कोनाले सांगतलं नाई. रागात होतो. चूक झाली ते मायी." त्यानं घाम पुसला. "बाबा उपाशी नाई गेला. ते प्रीतीमुळं. आता मी जेवीन ते तिच्या हातचं जेवीन. तुमाले घाई असन तं तुमी पंगतीले बसा."

मग त्यानं परसाच्या दिशेनं हाक मारली, "प्रीती, भाकर टाक माय. अंबाडी असन तं अंबाडी कर."

मागं चुलीपाशी थोडी कुजबुज झाली, मग बायका बाजूला झाल्या असाव्यात. काही वेळानं परातीत भाकर थापल्याचा आवाज यायला लागला. आधी अडखळत, थांबत. मग एका लयीत. साऱ्या मांडवात तेवढा एकच आवाज होता. हर्षदीप माणसांतून उठला. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत परसात गेला आणि चुलीपुढं बसून जाळात कपाशीच्या पऱ्हाट्या सारू लागला. धूर डोळ्यांत गेला म्हणून, की कशानं, तो बाहीनं डोळे पुसत होता.

प्रीती ताट घेऊन मांडवात आली. चुंदानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि खाली बसून जेवायला लागला. पहिल्या घासाला अंबाडीचा आंबटपणा जिभेला झोंबला. त्याला बाप आठवला, डोळे मिटून खाणारा.

"मलेबी दे," चंद्रभागा म्हणाली. "अन मऊ बाजू दे. दात नाई मले."

मग गोपालकाकांनी हात पुढं केला. मग त्यांच्या शेजारच्यानं. सगळ्यांनीच मागितलं असं झालं नाही. काही माणसं पंगतीच्या स्वयंपाकाची वाट बघत बसली. काही बायका उठून गेल्या. मालनबाई पुढंच बसून होती. तिनं मागितलं नाही आणि ती उठलीही नाही. तोंडाला पदर लावून ती जमिनीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुंद तिला हायवेवर सोडायला गेला. धुकं होतं. ट्रक दिवे लावून जात होते. बस येईतो दोघं भाऊबहीण फाट्यावर उभे राहिले.

"दादा," मालन म्हणाली, "मी राखीले आली नाई यंदा. बाबाले झटका आला तवा फोनवरच रडली. म्हनलं, कापूस निंघू दे, मंग जाईन. बाबा फोनवर बोबडं बोलले, मले समजलं नाई. मी म्हनलं, हो बाबा, हो बाबा. काय म्हनले असतीन?"

"म्हाईत नाई बाई."

"कोनावर तरी राग काढा लागे मले."

चुंदानं मान हलवली. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तिले म्हना..."

"तूच म्हन," चुंद म्हणाला. "आज नाई जमलं तं उद्या म्हन. तिच्यापाशी फोन हाये."

बस आली. मालन चढली. खिडकीतून तिनं हात हलवला नाही, पण वळण येईपर्यंत ती भावाकडंच बघत होती.

तो घरी परतला तेव्हा अंगणातला मांडव उतरवणं चालू होतं. हर्षदीप दोऱ्या सोडत होता. प्रीती सतरंज्या झटकत होती. चंद्रभागा ओसरीवर बाजेवर बसली होती, चेहरा रस्त्याकडं करून. काही दिसत नसलं तरी ती रोज अशीच बसे.

"गेली का मालन?"

"गेली."

तो तिच्या पायाशी बसला. मग ती म्हणाली, "घर लई मुकं झालं. इतले दिस झाले, मले कोनी हाक मारली नाई."

"आमी सारे तुले हाक मारतो न."

"तुमी मारता. माय म्हनता, आजी म्हनता. तुये बाबा मले कधी नावानं बोलवत नव्हते. तू झाल्यापासून 'चुंदाची माय' म्हनत. तू लहान होता तवा मी हिरीवर गेली का मुद्दाम वेशीपाशी उभे राहून मोठ्यानं हाक मारत. 'चुंदाची माय, घरी चाल.' साऱ्या बायांले आयकू जावं म्हनून. मंग बाया बदलल्या, म्हाताऱ्या झाल्या, मेल्या. ती हिरबी बुजली. पन त्याईची सवय गेली नाई. झटका आल्यावरबी, जीभ वळत नव्हती तरी तेच म्हनत." तिनं हातानं बाजेची दोरी चाचपली. "आता कोन म्हनन?"

त्या नावाची हाक जगात एकाच माणसाला मारता येत होती, आणि तो माणूस राख होऊन गेला होता. मुलाला ती मारता येण्याजोगी नव्हती. त्याच्या तोंडी जी होती तीच त्यानं मारली.

"माय," तो म्हणाला.

"ओ," ती रस्त्याकडं बघत म्हणाली.